परमिट काढून मगरडोहात

जालिंदर मेटकरी हा मंगळवेढ्याकडचा गडी परदेशात, दोह्याजवळ मेसईदला एका कारखान्यात रिगर आहे. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं आणि खाली उभं राहून हाताच्या खुणांनी ते वर चढवायचं. वर, थोडं डावीकडं, हळू, थांब. तोंडानं बोलायचं काम नाही. त्या यंत्रांच्या घरघरीत ऐकणार कोण? असा दिवसभर मुक्यानं राबलेला माणूस संध्याकाळी खोलीवर आला की त्याचं तोंड सुटतं ते सुटतंच. हात तर थांबतच नाहीत. जेवताना मीठ मागायचं झालं तरी असा काही हात करतो की वाटावं, आता बरणी छतातनं दोरावर खाली येणार.

गडी अंगानं आडवा, मिशीनं उभा, कामाला वाघ. एकच ऐब होता. त्याला भाकरी येत नव्हती.

आता मंगळवेढं म्हणजे ज्वारीचा मुलूख. तिथल्या काळ्या रानात ज्वारी अशी येते की कणसाला कणीस खेटावं. तिथनं आलेल्या माणसाला भाकरी थापता येत नाही, हे खोलीतल्या गड्यांना पहिल्या दिवशी खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी आली आणि खरं वाटलं. भाकरी एका कडेला पाटासारखी जाड, दुसऱ्या कडेला भोक, मधोमध कच्ची. बार्शीकडचे महिपतीआण्णा, कारखान्यात परांच्या बांधतात, वयानं सगळ्यात थोरले, त्यांनी ती भाकरी उचलून डोळ्याला लावली आणि त्या भोकातनं खिडकीबाहेरची चिमणी बघितली. "धूर कमी दिसतोय आज," म्हणाले, आणि ताटात ठेवून दिली.

खोलीत गडी चार. जालिंदर, आण्णा, वेल्डर हरिदास आणि वायरमन किसन. स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कारभार हरिदासकडं. त्याच्यापुढं दया नाही, माया नाही. ताप असला तरी कांदा चिरून घेणार. त्यानं जालिंदरला बरेच दिवस तव्यापुढं उभं करून बघितलं, शिकवून बघितलं, शिव्या देऊन बघितलं. भाकरी काही सुधारली नाही. उलट खाणारे रोडावत चालले.

त्यातनं वाट निघाली ती 'छातीठोक' मासिकामुळं.

जालिंदरच्या मामाची गावात पिठाची गिरणी होती. दळण व्हायला वेळ लागायचा, लोक पायरीवर बसून एकमेकांची उणीदुणी काढायचे आणि त्यातनं मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून मामानं डोकं लढवून गिरणीत 'छातीठोक' मागवायला सुरुवात केली. महिन्याच्या महिन्याला अंक यायचा. मुखपृष्ठावर एक उघडा गडी, दातात सुरा, एका काखेत बेशुद्ध पडलेली बाई, दुसऱ्या हाताखाली दाबलेला वाघ. आत दर्यावरच्या लढाया, गुप्त खजिने, मगरी, विषारी बाण, आणि मधे मधे दंड फुगवायच्या गोळ्यांच्या जाहिराती. दळण आणायचं काम तोवर बायकांचं होतं. 'छातीठोक' आल्यापासून गावातले बाप्ये पायली पायली घेऊन स्वतः रांगेला बसायला लागले. जालिंदर त्या रांगेत वाढला. अक्षरं त्याला शाळेनं शिकवली असतील, पण वाचायला शिकवलं गिरणीनं.

मागच्या सुट्टीला गावी गेला तेव्हा गिरणी बंद पडली होती आणि मामेभाऊ सगळे अंक रद्दीला घालायला निघाला होता. जालिंदरनं ते गोणीत भरून घरी आणले आणि निघताना बॅगेत कोंबले. त्यासाठी बायकोनं, शालूनं, बांधून दिलेलं लोणचं, पापड आणि सांडगे बाहेर काढले. शालू दारात उभी राहून बघत होती. "नवरा परदेशी चाललाय का भंगार गोळा करायला," एवढंच म्हणाली आणि सांडगे परत डब्यात भरले.

पुढं ऐन उन्हाळ्यात कामगारांच्या कॅम्पातलं वायफाय बंद पडलं. बाहेर पाय ठेवायची सोय नाही असं ऊन, शुक्रवारची सुट्टी, आणि मोबाइल म्हणजे नुसती काच. ब्लॉकच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आहे, तिथं चौघं कपाळाला हात लावून बसले असताना जालिंदरनं सहज एक अंक आणला, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. कथेचं नाव 'मगरडोहाचा मानकरी', नायक कप्तान बारगळ. वाचताना एक हात अंकाला आणि दुसरा क्रेन चालवत असल्यासारखा हवेत. जहाज वर चढलं की हात वर, बुडालं की खाली. कांदा चिरणारा किसन चिरायचा थांबला. शेजारच्या शेगडीवर डाळ शिजवणाऱ्या नेपाळ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण जालिंदरचा आवाज खाली आला की तोसुद्धा ग्यास बारीक करायचा.

वायफाय आलं तरी वाचन बंद झालं नाही. हरिदासनं निकाल दिला की इथनं पुढं जालिंदरनं शुक्रवारी वाचायचं आणि त्याबदली तव्याला हात लावायचा नाही. ना शुक्रवारी, ना इतर वारी. निकाल ऐकून सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला हे सांगणं अवघड आहे. पण जालिंदरला तो तेलाचा डबा म्हणजे गादी वाटायला लागला. कारखान्यात त्याला मुकादमापासून मुदीरापर्यंत, म्हणजे मोठ्या साहेबापर्यंत, सगळे हुकूम सोडत. इथं त्यानं पान उलटेपर्यंत चार माणसं श्वास धरून बसत. ही गादी जाऊ नये, एवढीच त्याची मेसईदमधली इच्छा होती.

आणि तीच धोक्यात आली.

झालं असं, की कप्तान बारगळ मगरींच्या डोहावर दोरीला लोंबकळत होता. काळ्या सरदारानं खंजीर काढला, दोरीला लावला, आणि अंक संपला. जालिंदरनं पुढचा अंक काढायला बॅगेत हात घातला तेव्हा त्याला आठवलं की पुढचा अंक नाही. गिरणीची मोटर हलायची म्हणून मामानं तो तिच्या पायाखाली दाबला होता आणि तेल पिऊन पिऊन त्याचा लगदा झाला होता. त्यानंतरचे अंक मामानं मागवलेच नव्हते.

शुक्रवार उजाडला. आण्णा, हरिदास, किसन जागा धरून बसले. नाही म्हणावं, तर हरिदास तवा हातात देणार. जालिंदरनं तोच जुना अंक उचलला. पाठीमागं केसाच्या तेलाची जाहिरात होती, एक बाई आरशापुढं बसून गुडघ्यापर्यंतचे केस विंचरत होती. तो अंक तोंडापुढं धरून त्यानं मनानंच रचून वाचायला सुरुवात केली.

दोरी तुटली. कप्तान खाली गेला. पण हाताएवढ्या अंतरावर त्याला कचकन हिसका बसला, कारण पट्ट्याचा दुसरा हूक त्यानं आधीच वरच्या कातळात अडकवून ठेवला होता.

"शाब्बास," आण्णा म्हणाले. "दोन हूक पायजेतच."

कोणाला काही खटकलं नाही. खटकायचं कसं? ऐकणारे तिघंही रोज सकाळी पट्टा बांधून, हूक अडकवून उंचावर चढणारे. जालिंदरलाही ते आपलं आपण सुचलं होतं. दुसरं काही त्याला माहीतच नव्हतं. मग काय, गडी सुटलाच. कप्तान बारगळ गुहेत शिरायच्या आधी आतली हवा तपासायला लागला. कारखान्यात कामाआधी घेतात तसं जंगलच्या राजाकडनं सहीचं परमिट घ्यायला लागला. आत उतरताना दारात एक माणूस नुसता बघायला उभा करायला लागला. लढाईच्या दिवशी सकाळी सगळ्या मावळ्यांना गोळा करून आज काय काय धोके आहेत ते समजावून सांगायला लागला. आणि उन्हाळा म्हणून दुपारी ऊन उतरेपर्यंत दोन्ही सैन्यांनी सावलीला बसायचं, कोणी कोणाला मारायचं नाही, असा दोन्हीकडच्या सरदारांचा करार झाला. एकदा खजिन्याची पेटी वर चढवताना कप्तान चुकून पेटीखाली उभा राहिला, तर आण्णांनी वाचन बंद पाडलं. टांगलेल्या ओझ्याखाली उभा राहणारा माणूस कप्तान कसला, म्हणाले. जालिंदरला मागं जाऊन कप्तानाला बाजूला घ्यावं लागलं, तेव्हा कथा पुढं सरकली.

असं बरंच चाललं. मग हमीद आला.

हमीद संगमेश्वराकडचा. कंपनीची मेसईद-दोहा बस चालवतो आणि दोह्यातनं येताना या गड्यांसाठी ज्वारीचं पीठ आणतो. त्या शुक्रवारी पीठ देऊन तो तसाच दाराशी टेकून ऐकत राहिला. कप्तानाला परमिट मिळेना, कारण राजाची सही राहिली होती. बाकीचे चिंतेत. हमीद मात्र कारखान्यातला नव्हता, त्याला डोकं खाजवावंसं वाटलं.

"जालिंदरभाई," तो म्हणाला, "जंगलात परमिट कशाला रे? ही गोष्ट मी ल्हानपणी वाचलीय. मामूंकडं सगळे अंक होते. त्यात परमिट नव्हतं, माकड होतं."

शेवट काय ते त्याला आठवत नव्हतं, फक्त माकडाचं चित्र आठवत होतं. पण त्याचा मेहुणा दानियाल आठवड्याभरात इकडं दोह्याजवळ लुसैलला नोकरीवर येणार होता. बायकोला, हजराला, सांगून मामूंच्या माळ्यावरनं पुढचा अंक त्याच्याबरोबर मागवतो, म्हणाला. इन्शाल्ला, पुढच्या जुम्म्याला हातात.

सगळ्यांनी माना डोलावल्या. जालिंदरनंही डोलावली. पण डोलावता डोलावता त्यानं हिशोब मांडला. खरा अंक आला की आपलं बिंग फुटणार, आणि फुटलं की हरिदास काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यानं रात्रभर डोकं चालवलं आणि शेवटी कप्तानासारखा विचार केला. पडायचं तर आहेच, मग दुसरा हूक आधी लावून ठेवावा. भाकरी शिकावी.

त्या आठवड्यात त्याची कारखान्यातली पाळी पहाटेची होती, दुपारीच सुटायचा. बाकीचे यायच्या आत त्यानं स्वयंपाकघर गाठलं, मोबाइल तांदळाच्या पोत्याला टेकवला आणि शालूला फोन लावला. नवऱ्याच्या हातात परात बघून तिनं आधी फोन डोळ्याजवळ आणला.

"अवो, काय गुन्हा केलाय?" तिनं विचारलं.

"गुन्हा कशाचा? शिकावं म्हणलं."

"लग्नाला बारा वर्सं झाली, घरात पाण्याचा तांब्या उचलला न्हाई. आन् आता समुद्रापल्याड जाऊन पीठ मळताय. खरं सांगा, नोकरी गेली का?"

नोकरी आहे हे पटवण्यात पहिला दिवस गेला. मग मात्र शालूनं मनावर घेतलं. पाणी कोमट नको, चटका बसेल असं घ्या. मळताना तळव्याचा जोर लावा, बोटांनी गुदगुल्या करू नका. थापताना भाकरी फिरली पाहिजे, तुम्ही नाही. जालिंदर थापायला लागला की सवयीनं त्याचा डावा हात वर उठायचा आणि खुणा करायचा. शालू फोनमधनं ओरडायची, हात खाली घ्या, ती काय क्रेन आहे? शालूच्या सासूबाई विठाबाई मागनं डोकावून गेल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. आपल्या पोराला भाकरीपुढं कधी उभं केलं नाही, याचा त्यांना पस्तावा झाला का मजा वाटली, ते फोनमध्ये नीट दिसलं नाही.

पहिल्या भाकऱ्या जालिंदरनं कचऱ्यात खोल पुरल्या. नंतरच्या जरा बऱ्या होत्या, त्या फेकवेनात. फॉइलमध्ये गुंडाळून तांदळाच्या पोत्यामागं दडवल्या. शेवटची तव्यावर अशी फुगली की जालिंदर मागं सरला. फुटते की काय, असं वाटलं त्याला.

शुक्रवारी हमीद आला तो लुसैलहून थेट. अंक सुकटीच्या पिशवीत आला होता, त्यामुळं कप्तानाच्या आधी त्याचा वास आत शिरला. नेपाळ्यानं खिडकी उघडली. हमीदनं अंक दोन्ही हातांनी जालिंदरपुढं धरला आणि वाचा म्हणाला. जालिंदर डब्यावर बसला. घसा खाकरला. इथनं पुढं कप्तानाचं काय होईल ते होवो, आपलं काय होणार हे त्याला दिसत होतं.

खऱ्या अंकात दोरी तुटली. दुसरा हूक नव्हता. कप्तान धपकन डोहात पडला. आण्णांनी डोळे बारीक केले. एका माकडानं वेल टाकली, कप्तान वेलीला धरून वर आला. वेल ओढून बघितली का, किसननं विचारलं. तसं काही लिहिलं नव्हतं. मग कप्तानानं पेटती मशाल घेतली आणि एकटाच, सरळ, गुहेत शिरला.

हरिदास वेल्डर माणूस, त्याच्या हातातली सुरी कांद्यात तशीच राहिली.

"पेटती मशाल घिऊन?" तो म्हणाला. "आत ग्यास असला म्हंजे?"

दारात कोण उभं आहे, आण्णांनी विचारलं. कोणी नाही. राजाला सांगून गेलाय का? नाही. आण्णांनी मान हलवली. हा आपला कप्तान नव्हे, म्हणाले, हा कोणीतरी उपटसुंभ आहे. किसनला तर अंकच बनावट वाटत होता. हमीद बिचारा कळवळला. मामूंच्या माळ्यावरचा अंक, छापलेला, नाव-चित्रासकट, आणि म्हणे बनावट. त्यानं पान उघडून माकड दाखवलं. आण्णांनी माकड नीट बघितलं आणि म्हणाले, माकडाबद्दल तक्रार नाही, माकड हुशार आहे.

"अहो, छापलेलं खोटं," हमीद म्हणाला, "मग जालिंदरभाई इतके दिवस वाचतात ते कुठनं?"

जालिंदरच्या मिशीला घाम आला. नुसता हात वर गेला आणि थांब अशी खूण करून तिथंच राहिला.

आण्णा लसूण सोलत होते. वर न बघता म्हणाले, "आरं हमीद, तू आत्ता दोनदाच ऐकलंस. आमी पुढ्यात बसतुय. आमाला अंकाची पाठ दिसती. ती बाई किती शुक्रवार झालं केस विंचरतीया, आजून तिची वेणी व्हयना."

हमीदला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो फ्रिजला धरून हसला. किसन हसला. नेपाळ्याला काहीच कळलं नाही, पण तोही हसला. जालिंदर एकटा डब्यावर दगडासारखा. मग त्यानं बारीक आवाजात विचारलं, ठाऊक होतं तर बोलला का नाही?

"बोललो असतो," हरिदास म्हणाला, "तर तू भाकरी केली असतीस."

एवढं ऐकून जालिंदरच्या छातीवरचं ओझं कोणीतरी क्रेननं उचलावं तसं उतरलं. गादी शाबूत. बिंग फुटलं होतं ते पहिल्याच शुक्रवारी, आणि तरी हे गडी दर आठवड्याला येऊन बसत होते. तो नीट मांडी घालून बसला आणि जुना अंक उचलणार, एवढ्यात किसननं नको तिथं तोंड घातलं.

"भाकरीवरनं आठवलं," तो म्हणाला. "पोत्यामागं फॉइलात भाकऱ्या कुणाच्या हुत्या? काल मी चटणीसंगं खाल्ल्या. झ्याक हुत्या."

हरिदासनं एकेकाकडं बघितलं. आण्णा नाहीत, किसन नाही, हमीद नाही. नेपाळी तर भातावरचा माणूस. नजर फिरत फिरत जालिंदरच्या नखांवर थांबली. नखांत पीठ होतं.

हरिदासनं तव्याखालचा ग्यास पेटवला. परात पुढं सरकवली आणि बाजूला होऊन उभा राहिला.

जालिंदर उठला. अजून वाट होती. भाकरी बिघडवणं त्याच्याइतकं कोणाला जमत होतं? एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला भोक. खलास, गादी जन्मभर पक्की. त्यानं तसं ठरवलंही. पण पाणी ओतलं ते चटका बसेल असं. तळव्याचा जोर लागला. थापायला घेतली तर भाकरी परातीत अशी गरगर फिरायला लागली की ती थांबवायचं त्याच्या जिवावर आलं. पाहुण्या माणसासमोर, मंगळवेढ्याचं नाव असताना, हातानं भोक पाडायचं? तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुलक्यासारखी टम्म झाली. आण्णांनी ती उचलून डोळ्याला लावली. पलीकडचं काही दिसलं नाही.

हरिदासनं फ्रिजवरचा पाळ्यांचा कागद काढला आणि शुक्रवारपुढं जालिंदरचं नाव लिहिलं.

रिकाम्या डब्यावर हमीद बसला. कोणी तरी वाचायला हवं म्हणून त्यानं मामूंचा अंक उघडला आणि मशालीपासनं पुढं चालू केलं. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर आण्णांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे बाबा. त्यो मरंल आता. आपल्याला आपला कप्तान बरा." मग जालिंदरकडं वळून, "सही झाली का राजाची?"

जालिंदर तव्यापुढं उभा होता, कोपरापर्यंत पीठ. हातात अंक नव्हता, आणि जाहिरातीतली बाई तिकडं डब्याजवळ आपली विंचरत पडली होती. त्यानं दुसरा गोळा घेतला, थापायला लागला आणि थापेच्या तालावर सांगायला लागला. सही झाली. राजानं परमिटवर अंगठा दाबला. कप्तानानं आतली हवा तपासली, दारात एक मावळा उभा केला, दोन हूक अडकवले आणि गुहेत पाय टाकला. आत काळाकुट्ट अंधार. अंधारात काहीतरी सरपटल्याचा आवाज. जालिंदरचा डावा हात सवयीनं वर गेला, पिठासकट, आणि हवेत थांब म्हणून राहिला. किसन चिरायचा थांबला. नेपाळ्यानं ग्यास बारीक केला. हमीदनं मामूंचा अंक हळूच मिटून मांडीखाली घातला.

"मगर का?" हरिदासनं विचारलं.

"भाकरी करपंल," जालिंदर म्हणाला, आणि वळून आधी ती उलटली.